नऊ नंबरची खोली

दार लावलं त्या दिवशी ऑक्टोबरची तीन तारीख होती.
रोमुआल्द ट्रॅक्टरवरून उतरलाच नाही,
वरूनच म्हणाला, "दोन दिवस थांब.
उताराकडची लिगोल अजून झाडावर आहेत,
दोन उन्हं खाऊ देत त्यांना."
मी म्हणालो, खोली कुणासाठी थांबत नाही.
तो म्हणाला, खोली नाही, तू थांबत नाहीस.
मग रात्रीच दिवे लावून त्यानं तोडणी उरकली,
पेट्या उतरवल्या,
आणि माझ्याकडे न बघता गेला.

मी दाराच्या रबराला व्हॅसलीन फासलं,
बोल्ट आवळले, नायट्रोजन सोडला.
ग्रुयेत्सच्या या पट्ट्यात सगळे हेच करतात:
प्राणवायू दीड टक्क्यावर आणायचा,
पारा एकच्या आसपास,
आणि फळाला सांगायचं, श्वास घे, पण बेतानं.
आत काडी पेटत नाही.
माणूस शिरला तर दोन श्वासांत आडवा,
म्हणून दारावर कवटी रंगवलेली,
आणि कवटीमागे तीनशे टन सफरचंदं
गालांवरची लाली सांभाळून.

ही अढी नव्हे.
अढीत एक पिकतं, ते शेजारणीच्या कानात सांगतं,
सकाळपर्यंत घरभर वास.
इथे कानगोष्टींना बंदी.
एक औषध सोडतो आम्ही, त्यानं फळाला
स्वतःचं वय ऐकूच येत नाही.
अढी राहिली ती माझ्या मनात.

नोव्हेंबरात तो बाजारात दिसला,
मी बिजागऱ्यांचे भाव विचारत उभा राहिलो.
नाताळच्या आदल्या रात्री इकडे
कागदासारखी पातळ पोळी मोडून एकमेकांना देतात,
वर्षाचं भांडण त्यात मिटतं.
त्याचा तुकडा मी कोटाच्या खिशात ठेवला. उद्या देऊ.
खिशात त्याचा भुगा झाला.

फेब्रुवारीत रोमुआल्द गेला.
जमीन इतकी गोठलेली की खड्ड्याला पहार लागली.
त्या दुपारीही मी नोंदवहीत लिहिलं:
खोली नऊ, तापमान एक, प्राणवायू दीड, सर्व ठीक.

मे महिन्यात कैरोची मागणी आली.
पंखे लावून हवा आत घेतली,
मीटरनं एकवीस दाखवल्यावर दार सरकवलं.
वास आला तो ऑक्टोबरचा, ओल्या लाकडाचा,
आणि पहिल्याच पेटीवर खडूनं लिहिलेला सात,
मधोमध आडवी रेघ मारलेला. त्याचा.
सत्तर. सत्त्याहत्तर. एकशे सात.
रेघ जरा जोरातच ओढलेली,
एका ठिकाणी खडू तुटला असावा.

पट्ट्यापाशी पोरी भराभर फळं बसवत होत्या
जांभळ्या कागदी खळग्यांत,
देठ एका बाजूला, लाली वर,
मग स्टिकर, मग फोम, मग खोका, मग गार कंटेनर.
बाहेर आलेल्या फळाचं घड्याळ लगेच चालू होतं.
सात महिने थोपवलेलं वय
जकातीच्या रांगेतही गाठतं त्याला.

लुत्सिना हिशेबावर सही करायला आली.
मी तिला काही सांगणार होतो,
फेब्रुवारीपासून ते वाक्य
नीट गुंडाळून ठेवलं होतं.
तिनं सत्त्याहत्तरच्या पेटीवर हात फिरवला,
आकड्यावरून नाही, कडेकडेनं,
मग आतलं एक उचललं, बाहीला पुसलं, चावलं.
कर्रकन आवाज झाला,
पंख्यांच्या घरघरीतही ऐकू आला.
बराच वेळ चावत राहिली.

"अजून दोन दिवस हवी होती झाडावर," म्हणाली.

"हो," मी म्हणालो.

तिनं ते देठापर्यंत संपवलं,
बिया तळहातावर घेऊन मोजल्या,
आणि सहीसाठी पेन मागितलं.